खिडकीतलं कांद्याचं रोप

शेती करायला शेत लागतं म्हणणारा माणूस माझ्यापुढं उभा करा! खिडकी असली की झालं. हे मी मनातल्या मनात म्हणालो असतो तर निभावलं असतं. पण म्हणालो सासुरवाडीला पणदऱ्यात, सासऱ्यांसमोर!

तात्या जन्माचे शेतकरी, मी भवानीनगरच्या कारखान्यात कारकून. ते मिशीत हसले. "जावईबापू, दसऱ्याला कांद्याचं रोप दाखवा, विहिरीजवळचा वाफा तुमचा! न्हाय दाखवलं, तर परत शेतीवर तोंड उघडायचं न्हाय."

"लागली पैज!"

घरी येऊन करवंट्या, दुधाच्या पिशव्या, डालड्याचा डबा, सगळ्यांना भोकं पाडली. नवरात्रातल्या घटासाठी आईनं आणलेली काळी माती गुपचूप त्यांत भरून कांद्याचं बी पेरलं आणि तिच्यासाठी अंगणातला मुरूम ठेवला. भानगड एकच. चातुर्मासात आई कांद्याचं सालसुद्धा घरात येऊ देत नाही!

"केशा, काय लावलंस रं?"

"फुलझाडं गं आई!"

माझ्या बायकोनं, श्यामलानं, कपाळाला हात लावला.

पण रोपं काय आली म्हणता! हिरवीगार, दोऱ्यासारखी. विहिरीजवळचा वाफा मला स्वप्नात दिसायला लागला.

दसऱ्याला कारखान्यातली पूजा उरकून घरी आलो, तर करवंट्या रिकाम्या! शेजारच्या प्रयागबाई दारात आईला म्हणत होत्या, "बनाबाई, घट काय आलाय तुमचा! अख्ख्या कॉलनीत असा न्हाय!"

"आई, माझी रोपं?"

"आरं, माझा घट उगवलाच न्हाय. देवीला बोडकं ठिवू व्हय? सकाळी तुझी फुलझाडं लावली घटात. आता घट उठला, वाटून बी टाकली." असं म्हणत तिनं एक काडी माझ्या कानावर खोचली.

दसऱ्याला घटाचं धान टोपीत खोचायची आमच्याकडं रीत. कॉलनीतल्या झाडून सगळ्या टोप्यांत माझा कांदा डुलत होता! तेवढ्यात तात्या आले. "केशाची फुलझाडं हायत," असं हळूच सांगत आईनं त्यांनाही तुरा दिला, त्यांनी तो टोपीत खोचला.

"काय जावईबापू, कुठं हाय रोप?"

खरं बोललो तर आई घरात ठेवणार नाही, गप्प बसलो तर वाफा गेला! आईकडं बघितलं. चारचौघींत ती इतकी खुशीत होती की खरं सांगवेना.

"न्हाय उगवलं, तात्या." जीव तुटला हो माझा!

तात्यांनी टोपी काढली. तुरा चिमटीत चुरडला, हुंगला. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा आईकडं. मिशी थरथरायला लागली.

"विहीणबाई, घट झकास आलाय! जावयाला वाफा देतो म्हणतो. लावू द्या की फुलझाडं!"

जिंकलो! मी उडीच मारणार होतो, तर आई हरखून म्हणाली, "द्या, द्या! दर साली देवीला तिथलीच फुलं वाहीन मी!"

तेव्हापासून त्या वाफ्यात मी झेंडू लावतो. कांदे बाजारातून आणतो.