उभे राहण्याचे उद्घाटन

धुळ्यातील एका सेवाभावी संस्थेच्या फिजिओथेरपी केंद्रात मुलांना उभे करण्याची लाकडी चौकट आली आणि ती कोणी वापरू नये याची चोख व्यवस्था करण्यात आली. उद्घाटन व्हायचे होते. चौकटीवर प्लास्टिक गुंडाळून लाल फीत बांधण्यात आली.

चौकट दिपमालाच्या मापाने सुताराकडून करून घेतली होती. दिपमाला सहा वर्षांची. सेरेब्रल पाल्सीमुळे पाय ताठ, टाचा जमिनीला टेकत नाहीत. फिजिओथेरपिस्ट हिना मॅडमनी तिच्या आजीला, भागाबाईला, स्पष्ट सांगितले होते, "हाडं वाढतात, आखडलेले स्नायू तेवढे वाढत नाहीत. रोज आधाराने उभं केलं नाही, तर टाचा आणखी वर जातील."

संस्थेचे अध्यक्ष अभिमननाना यांना हे पूर्ण पटले. "म्हणूनच घाई नको," ते म्हणाले. "एवढी महत्त्वाची वस्तू मोठ्या माणसाच्याच हस्ते सुरू झाली पाहिजे."

मोठ्या माणसाची तारीख मिळेना. आधी अधिवेशन, मग आचारसंहिता, मग पितृपक्ष. वापरलेल्या वस्तूचे उद्घाटन हा पाहुण्यांचा अपमान, म्हणून व्यायामाच्या गाद्याही कपाटात गेल्या. मोठ्या चेंडूत हवा भरण्यास मनाई झाली. पहिला पंप पाहुणेच मारणार होते. हिना मॅडम सतरंजीवर बसून पोरीचे पाय ताणत राहिल्या. त्यांच्या हातांचेही उद्घाटन बाकी आहे हे नानांच्या लक्षात आले नाही, एवढेच दिपमालाचे नशीब.

शेवटी भागाबाईने नानांना गाठले. "नाना, पोर वाढी राह्यनी. तिना पाय तुम्हनी फीतनी वाट दखतीन का?"

"अक्का, चौकट कुठं पळून जात नाही."

"मन्ही पोरबी कोठे पळस, नाना?"

वर्षभराने पाहुणे आले. फीत कापली. लाभार्थी म्हणून दिपमालाला चौकटीत उभे केले, तर छातीचा पट्टा पोटावर आला आणि टाचा हवेतच राहिल्या.

"आटपा, साहेबांना शिरपूरला जायचंय!" फोटोवाला ओरडला.

दिपमालाला उतरवून कडेला सतरंजीवर बसवले. नानांचा धडधाकट नातू समोरच होता. तो चौकटीत अगदी मापात उभा राहिला. फोटो झाले. पाहुणे म्हणाले, "चल बाळा, आता चालून दाखव." बाळ उतरले आणि आइस्क्रीमच्या टेबलाकडे धावत सुटले. सभागृह गहिवरले.

केंद्राचे यश पहिल्याच दिवशी सिद्ध झाल्याने चौकट पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळून जळगावच्या शाखेत पाठवण्यात आली. तिथे उद्घाटन व्हायचे आहे.

दिपमालाच्या टाचा आता ताणूनही खाली येत नाहीत. हिना मॅडम ऑपरेशनचे बोलतात. भागाबाई खर्च विचारते.

धावणाऱ्या बाळाचा व्हिडिओ तुम्हीही पाहिलात. डोळे पाणावले, हात जोडून चार ग्रुपवर पाठवलात. त्यात कडेला सतरंजीवर बसलेली एक पोर दिसत होती. स्टेटसला ठेवताना तेवढा भाग तुम्हीच कापलात.