डावीकडचं तळं

खड्डेसाहेबांना लोकांच्या मजेची आखणी करण्याबद्दल पगार मिळत असे. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, तर हे काम त्यांना शिक्षा म्हणून दिलं असावं असंच कुणालाही वाटलं असतं. गोल्फची मैदानं आखण्यात त्यांची हयात गेली होती आणि प्रत्येक मैदानात त्यांनी वाळूचे इतके खड्डे खणले होते, की सगळं खातं त्यांना त्याच नावाने ओळखत होतं. त्यांच्या शेवटच्या मैदानावर एक निवृत्त न्यायाधीश सकाळी चेंडू काढायला खड्ड्यात उतरले ते जेवणाच्या वेळेपर्यंत वर आलेच नाहीत. वर आले तेव्हा त्यांनी गोल्फ सोडला होता. हळूहळू बाकीच्यांनीही सोडला.

म्हणून या खेपेला उद्यान समितीच्या अध्यक्षबाईंनी त्यांना गोल्फ दिलाच नाही. तळ्याकाठी पडीक जागा होती, तिथे तबकडीचा गोल्फ करायचं ठरलं. चेंडूऐवजी प्लॅस्टिकची तबकडी हाताने फेकायची आणि भोकाऐवजी साखळ्या लोंबणाऱ्या टोपलीत पाडायची. एक टोपली झाली की पुढची. शेंबडं पोरही खेळेल असा प्रकार.

"खड्डेसाहेब, यात खड्डे नकोत," बाईंनी बजावलं. "वाळू नको, रडारड नको. लोकांना मजा आली पाहिजे. नाही आली तर तिथे वाहनतळ करू आणि तुम्ही मोकळे."

"मोकळे म्हणजे?"

"म्हणजे घरी."

घरी म्हणजे मेहुण्याचं फरशांचं दुकान. बायकोच्या या भावाने तिथली एक खुर्ची त्यांच्यासाठी केव्हाची पुसून ठेवली होती. "भाऊजी, फरशी कशी, सपाट असते. तुम्हाला बिघडवायला त्यात जागाच नाही," असं तो प्रेमाने म्हणे. खड्डेसाहेबांना त्या प्रेमाची फार भीती वाटायची. पण त्याहूनही एक गोष्ट त्यांना आतून कुरतडत होती. एवढी मैदानं आखली, पण त्यांतल्या एकावरही कुणाला हसताना त्यांनी पाहिलं नव्हतं. एकदा, निदान एकदा तरी ते पाहायचं होतं.

त्यांनी जिवाचं रान केलं. फेकलेली तबकडी सरळ जाते आणि दम संपता संपता एका बाजूला वळते. मग वाटही तशीच हवी. त्यांनी झाडांमधून वाटा काढल्या, प्रत्येक वाटेला शेवटी अलगद वळण दिलं आणि वळणाच्या पोटात टोपली रोवली. रोज पहाटे एकटेच जाऊन ते फेकून बघत.

"मी येऊ का एखाद दिवशी?" बायको विचारायची.

"तयार झाल्यावर ये. अर्धवट काम काय बघायचं?"

काही दिवसांनी तिने विचारणं सोडलं. इकडे तबकड्या मात्र सुरेख जात होत्या. सोडली की वाट धरायची, वळणावर वळायची आणि छन्न करून साखळ्यांत शिरायची. एका सकाळी तर खड्डेसाहेबांच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यांनी ते घरी सांगितलं नाही. उगाच दृष्ट लागायची.

उद्घाटनाच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस पडत नव्हता. अध्यक्षबाईंनी पहिली तबकडी फेकली. ती सरळ गेली, वळणापाशी आली, वाट उजवीकडे वळली आणि तबकडी डावीकडे. डावीकडे तळं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण बाई अध्यक्ष होत्या.

मग पोस्टमास्तरांनी फेकली. तीही तळ्यात. दातांच्या डॉक्टरांनी नेम धरून, एक डोळा मिटून फेकली. तळ्यात. टाळ्या थांबल्या. दुसऱ्या वाटेवर सगळ्यांच्या तबकड्या डावीकडच्या काटेरी कुंपणात गेल्या. त्या काढताना पोस्टमास्तरांचा सदरा फाटला आणि डॉक्टर असं काही बोलले, की बाईंनी ऐकलंच नाही असं दाखवलं. तिसऱ्या वाटेच्या डावीकडे भिंत होती, आणि भिंतीपलीकडे दफनभूमी. मेहुणा हौसेने आला होता. त्याने जोर लावून फेकली, ती भिंतीवरून पार.

"आणतो," म्हणून तो गेला तो येईचना. आला तेव्हा तोंड उतरलेलं.

"काय झालं?" खड्डेसाहेबांनी विचारलं.

"पलीकडे अंत्यविधी चाललाय. तबकडी नेमकी त्यांच्यात पडली. त्यांना वाटलं मी नात्यातला. म्हणाले, चार शब्द बोला."

"मग?"

"बोललो. म्हटलं, फार सज्जन गृहस्थ होते, माझ्या दुकानातूनच फरशी नेली होती." मेहुण्याने घाम पुसला. "भाऊजी, ती बाई होती."

आता अध्यक्षबाईंचा संयम सुटला. "खड्डेसाहेब, हे माणसांसाठी आहे ना? तुम्ही फेका बघू."

खड्डेसाहेबांनी तबकडी घेतली आणि फेकली. सरळ गेली, वळणावर उजवीकडे वळली, छन्न! कुणीच टाळी वाजवली नाही. सगळे त्यांच्या हाताकडे बघत होते.

"भाऊजी," मेहुणा हळूच म्हणाला, "तुम्ही डावखुरे."

"हो. जन्मापासून."

"डाव्या हाताची तबकडी उजवीकडे वळते. आमची डावीकडे. सगळ्या वाटा अशाच आहेत?"

खड्डेसाहेबांनी मान हलवली. एवढ्या महिन्यांत त्यांनी एकाही उजव्या हाताच्या माणसाला इथे पाऊल टाकू दिलं नव्हतं. मैदान अप्रतिम होतं, फक्त ते एकाच माणसासाठी होतं.

"आखायचं गावासाठी आणि बघायचा स्वतःचाच हात!" बाई म्हणाल्या. "वाहनतळच बरा. गाड्या तरी कुठेही वळतात."

तेवढ्यात मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून साखळ्यांचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला, जरा जवळून. मग झाडांतून खांद्याला पर्स अडकवलेली एक बाई तबकडी फेकत, स्वतःशीच गुणगुणत पुढे आली. ती खड्डेसाहेबांची बायको होती.

"अहो, किती छान आखलंय हो!" ती लांबूनच ओरडली. "वळण आलं की आपोआप वळते! एकदासुद्धा हरवली नाही."

"तू तिकडून कशी आलीस?"

"मागच्या फाटकातून. बस तिथेच थांबली. तिथे टोपली दिसली, शेजारी तबकड्यांची पेटी, म्हटलं हीच पहिली असणार. तुम्ही कधी आणलंत का मला इथे? मला काय माहीत कुठून सुरुवात करायची!"

पोस्टमास्तरांनी फाटक्या सदऱ्यानिशी तिच्या हातातली तबकडी घेतली, ती जिकडून आली होती तिकडच्या टोपलीपाशी जाऊन उभे राहिले आणि तिच्यासारखीच उलट्या क्रमाने अलीकडच्या टोपलीकडे फेकली. उलट जाताना उजवीकडचं वळण डावीकडचं झालं होतं. छन्न! पोस्टमास्तर लहान मुलासारखे नाचले. मग डॉक्टर धावले, मग मेहुणा, मग पदाला न शोभेलशा वेगाने अध्यक्षबाई. दुपारपर्यंत शेवटची टोपली पहिली झाली, पाट्या फिरल्या आणि वाहनतळाचं नाव कुणी काढेना.

"पुढच्या मैदानाचं कामही तुम्हालाच," बाई जाताना म्हणाल्या. "फक्त फेकून बघायला तुम्ही जायचं नाही."

सगळे पांगल्यावर खड्डेसाहेबांनी बायकोबरोबर तळ्याकाठच्या वाटेवर नव्या क्रमाने खेळायला घेतलं. त्यांची पहिली तबकडी उजवीकडे वळली आणि तळ्यात गेली, कारण तळं आता उजवीकडे होतं. दुसरी तळ्यात. तिसरी त्यांनी फार विचार करून, वाऱ्याचा अंदाज घेऊन फेकली, आणि ती पहिल्या दोन्हींच्या शेजारी जाऊन बुडाली. सगळ्या गावाला मजा येणारं मैदान त्यांनी केलं होतं, आणि त्यावर न खेळू शकणारा एकच माणूस उरला होता. त्यांना भडभडून आलं.

तोंडावर पदर धरूनही बायकोला हसू आवरेना. हसता हसता ती गवतात बसली. खड्डेसाहेब बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या मैदानावर कुणीतरी त्यांच्यासमोर पोट धरून हसत होतं. ते असं बघायला मिळेल, अशी त्यांनी कल्पना केली नव्हती.

"उद्या नवी जागा बघायला जायचंय," ते चाचरत म्हणाले. "येशील?"

ती हसायची थांबली.

"आत्ता विचारताय?"

"आत्ता सुचलं."

"येईन," डोळे पुसत ती म्हणाली. "पण आधी पाण्यात उतरा. ती तिसरी माझी होती."