धुरपदा पणजीचा घोट

एका जंगलात, बाळांनो, एक झरा होता. नकाशात नव्हता, पण पाणी गोड होतं.

फार पूर्वी मोठा दुष्काळ पडला, तेव्हा खवले मांजरांतल्या धुरपदा पणजीने नखं झिजेपर्यंत उकरून तो काढला होता. तेव्हापासून तिथे रीत पडली. आधी एक घोट धुरपदेच्या नावाने जमिनीवर सोडायचा, मग आपण प्यायचं. वाघसुद्धा सोडायचा.

तिचा पणतू खवलोबा याला मात्र चैन पडेना. वाटेवाटेवर राजाच्या काकांचे पुतळे, आणि आपल्या पणजीच्या नावाने साधा दगडही नाही!

अशात राजाने 'विस्मृत वीर योजना' काढली. खवलोबा हरखला. समितीचे अध्यक्ष होते बगळेसाहेब. एका पायावर उभं राहून त्यांनी विचारलं, "या बाईंना कोण कोण ओळखतं?"

"आम्ही सगळे!" जंगल ओरडलं.

"अरेरे! मग त्या विस्मृत कशा? नियमात बसत नाही हो. आधी नीट विसरा, मग अर्ज करा."

खवलोबाने बिळोबिळी जाऊन हात जोडले. "बाबांनो, एवढे उपकार करा. माझ्या पणजीला विसरा."

"अरे, तिच्यामुळे जगलो आपण!" म्हातारी कासवीण म्हणाली.

"म्हणूनच म्हणतो ना, मावशे. तिच्यासाठी एवढंही करणार नाहीस?"

कासवीण रडत रडत विसरायला लागली. घोट सोडणं बंद झालं. पिल्लांना गोष्ट सांगणं बंद झालं. सशाला विसरायचं लक्षातच राहीना, म्हणून त्याला शिकवणी लावली. सगळ्यांत मन लावून विसरला तो खवलोबा.

पुढल्या साली बगळेसाहेबांनी विचारलं, "हा झरा कुणी काढला?"

"कोण जाणे!"

"शाब्बास! मंजूर!"

स्मारक ऐतिहासिक जागीच हवं, म्हणून झरा बुजवून त्यावर चबुतरा बांधला. पुतळा कुणाचा करायचा, ते कुणालाच आठवेना. मग सुतारपक्ष्याने समोर एका पायावर उभ्या असलेल्या अध्यक्षांचाच कोरला.

अनावरणाला भाषणं लांबली. ऊन तापलं. खवलोबाचा घसा कोरडा पडला. सवयीने त्याने ओंजळ पुढे केली, आणि एकदम नाव आठवलं.

"धुरपदा!" तो ओरडला. "माझी पणजी! झरा तिचा होता!"

"हळू बोला हो," बगळेसाहेब कुजबुजले. "लोकांना आठवलं तर पुतळा उतरवावा लागेल."

खवलोबाने वर पाहिलं. पुतळा चांगला उंच होता. त्याने ते नाव आवंढ्यासकट गिळलं आणि टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य: पूर्वजांना रोज आठवत बसू नये, स्मारकाला अडचण होते. आणि अनावरणाला जाताना पाणी घरून न्यावं.