दहावं नख

पिरंगुटच्या पार्लरमधल्या रेश्मानं शुभांगीला बजावून सांगितलं होतं, की नखं आज चिकटवलीत, तर उद्याचा दिवस कणकेत हात घालू नका. शुभांगीनं मान डोलावली आणि स्कूटी सुरू करेपर्यंत ते विसरूनही गेली. बी.एस्सी.ला मायक्रोबायोलॉजी घेतलेल्या बाईला पार्लरमधल्या मुलीनं नखांबद्दल काय शिकवायचं?

नखं हा तिचा विषयच होता. ओम झाल्यापासून कासार आंबोलीच्या त्या घरात दारापाशी, मोरीत, एवढंच काय गोठ्याच्या खुंटीलासुद्धा साबणाच्या बाटल्या लटकल्या होत्या. बाळाला उचलायचं तर आधी हात धुवायचे, मग शुभांगीसमोर दहाही बोटं पसरून नखं दाखवायची. तिचा नवरा शेखर शाळेतल्या पोरासारखा निमूट हात पुढे करायचा. सासूबाई, म्हणजे साळूबाई, मात्र दर वेळी कुरकुरायच्या.

“म्या तीन पोरं शेणाच्या हातानं वाढवली. एक बी दगावलं न्हाई.”

“आई, नखाखाली काय काय असतं ते मी मायक्रोस्कोपखाली पाहिलंय.”

“मग बघायचंच कशाला म्हन्ते मी.”

या धुण्यापुसण्यात शुभांगीच्याच नखांचे पापुद्रे निघाले. त्यात रविवारी नणंदेच्या लग्नाची बोलणी ठरलेली. फोटो निघणार, हात दिसणार. म्हणून तिनं अगदी कातडीच्या रंगाची, कुणाला ओळखू येणार नाहीत अशी नखं लावून आणली. ओळखू आलीही नाहीत. साळूबाईंनी उलट कौतुकच केलं, की आता बरी दिसतात नखं, तेल चोळतीस वाटतं. शुभांगीनं हो म्हटलं. तिथंच ती अडकली.

बोलणी साधी नव्हती. नणंद जान्हवी आणि लवळ्याचा साहिल कॉलेजच्या कँटीनमध्ये भेटलेले. दोन्ही घरं वळवता वळवता जान्हवी निम्मी झाली होती. आता फक्त साहिलच्या आजोबांचा, कोंडाजींचा होकार राहिला होता, आणि या कोंडाजींनी मागं एका घरी भातात केस निघाला म्हणून ताटावरून उठून सोयरीक मोडली होती. रविवारी सकाळपासून जान्हवी स्वयंपाकघरात डोकावून एकच सांगत होती, “वहिनी, बाकी काही नाही झालं तरी चालेल. जेवणात काही निघायला नको.”

गाडी फाटकात वाजली तेव्हा शुभांगीच्या पुरणपोळ्यांची चळत तयार होती. तिनं आपल्याच नियमानं हात धुतले, पुसले आणि पाहिलं, तर उजवी करंगळी बोडकी.

ती आधी ओमकडे धावली. त्याच्या तोंडात बोट घालून सगळीकडून फिरवलं. ओमनं कडाडून चावा घेतला आणि मोबदल्यात बिस्किटाचा भिजलेला गोळा दिला. शेखर सांगत होता, की पोरगं सकाळपासून माझ्या खांद्यावर आहे, चुलीकडं फिरकलंसुद्धा नाही. शुभांगीचा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेर आला. नख बाळाच्या पोटात नाही, याचा अर्थ ते पाहुण्यांच्या पोटात जाणार होतं.

तिनं शेखरच्या कानात सगळं सांगितलं. आईंना सांगून टाकू का, असंही विचारलं.

“सांग की,” शेखर म्हणाला. “रोज तू तिची नखं तपासतेस. आज ती तुझी मोजेल.”

नाही सांगायचं ठरलं.

पानं मांडली गेली. इतक्या पोळ्या नव्यानं करायला ना पुरण उरलं होतं ना वेळ. तपासायच्या तर मोडूनच तपासायला हव्यात. शुभांगी चळत घेऊन पंगतीत उतरली आणि प्रत्येक पोळीचे चार तुकडे करून, एकेक तुकडा चिमटीत दाबून बघत वाढू लागली. साळूबाई तुपाचं भांडं घेऊन मागून येत होत्या. त्यांचा हात हवेतच थांबला.

“आगं, शुभकार्यात मोडकी पोळी वाढतीस?”

त्या आपल्या समजुतीनं हळू बोलल्या होत्या. पण साळूबाईंचं हळू बोलणं ओढ्यापलीकडं जायचं. कोंडाजींनी टोपी मागं सारून वर पाहिलं. माजघराच्या दारातली जान्हवी पांढरीफटक पडली.

“आमच्या माहेरची पद्धत आहे, आजोबा,” शुभांगीच्या तोंडून निघून गेलं. “सोयरिकीच्या पहिल्या जेवणात पोळी मोडूनच वाढायची. म्हणजे यापुढं कुठलाही घास एकट्या घराचा नाही, दोन्ही घरांचा.”

तिचं माहेर कोथरूडला. तिथं सोयरिकीला केटरर बोलावतात.

कोंडाजींनी एक तुकडा उचलला, तुपात बुडवला आणि उरल्यासुरल्या दातांखाली आरामात घोळवला. सगळे त्यांच्या जबड्याकडं बघत होते.

“आमच्यात बी व्हती ही पद्धत,” ते म्हणाले. “लई जुनी. लोकं इसरली.”

साहिलच्या आईला लगेच आठवलं, की तिच्या आजोळीही असंच करायचे. तिच्या शेजारचे काका म्हणाले, की हल्ली हे सगळं बुडत चाललंय. साळूबाईंनी भांडं सावरलं आणि आमच्याकडं ह्येच करतात म्हणून ठोकून दिलं.

शुभांगी मोडत राहिली. शेवटची पोळी मोडली, तरी नखाचा पत्ता नाही. मग ती एका कडेला उभी राहून प्रत्येकाचं तोंड न्याहाळू लागली. साहिलला वाटलं आपली परीक्षा चाललीय. त्यानं आवाज न करता चावायचा इतका प्रयत्न केला की त्याला ठसका लागला. शुभांगी दोन ढांगांत त्याच्याजवळ पोचली आणि त्याच्या पाठीत असा रट्टा घातला की त्याचं कपाळ पत्रावळीला टेकलं. बाहेर आली ती फक्त पुरणाची डाळ. साहिलची आई शेजारणीला म्हणाली, की वहिनी जिवाला जीव देणारी दिसतीय.

हात धुऊन कोंडाजी बैठकीवर टेकले आणि सुपारी मागितली. पोरगी पसंत होती. एकच अट होती.

“लग्नात समद्या पंगतीला पोळी अशीच वाढायची. आन् ती ह्याच सूनबाईनं मोडायची.”

माजघरातून जान्हवीचं रडू ऐकू आलं. शेखरनं ओमला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून बराच वेळ हलत राहिला.

निघताना कोंडाजींनी शुभांगीच्या डोक्यावर हात ठेवला. स्वयंपाक झकास झाला, म्हणाले. “आमटीतला खोबऱ्याचा काप तेवढा निबर व्हता. काय केल्या चावंना. पर पोरीच्या घरी पानात कसा टाकायचा? गिळला तसाच.”

गाडी वळणाआड गेली. साळूबाई अजून फाटकातच उभ्या होत्या.

“शुभांगी, आपन खोबरं वाटून घालतो. काप कुटनं आला?”

शुभांगीनं बोडकी करंगळी मुठीत मिटली. आमटीत चिंच तिनंच कोळली होती, बोटांनी, अगदी निगुतीनं.

दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांना फोन करून, एका मैत्रिणीच्या ओळखीतल्या आजोबांचं म्हणून विचारून घेतलं. ते म्हणाले, बहुतेक आपोआप पडून जाईल, पोट दुखलं तर मात्र घेऊन या. पण पडून गेलं की नाही हे कळणार कसं? जान्हवीला विचारायला सांगता येत नाही. शेखरला लवळ्याला पाठवावं, तर नाव काढताच तो हसत सुटतो.

तेव्हा शुभांगीची तुम्हाला विनंती आहे. लवळ्याच्या बाजूला जाणं झालं, तिथल्या कॉलेजात मुलाच्या अ‍ॅडमिशनला म्हणा की नुसता चहा प्यायला, तर पारावर कोंडाजी कुठले ते विचारा. त्यांच्याशेजारी दोन घटका बसा. पाण्यापावसाचं बोला आणि बोलता बोलता हळूच विचारा, की आजोबा, पोट साफ होतंय ना. कुणी पाठवलं ते सांगू नका. ते काय म्हणाले, तेवढं तिला कळवा.