आडवा नारळ

बोअर एकच होणार होतं आणि ते कुठे घ्यायचं यावरून हर्षल सरांच्या घरात दिवाळीपासून कोणी शांतपणे जेवलं नव्हतं. सरांचं म्हणणं, ओढ्याकडच्या सखल पट्टीत घ्या. त्यांचे वडील श्रीमंतआप्पा म्हणत, कानिफनाथ पाणाड्याला बोलवा, तो तळहातावर नारळ घेऊन रानातून फिरेल आणि नारळ उभा राहील तिथे घ्या. सरांची बायको ज्योती नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला होती. ती म्हणे, कुठेही घ्या, पण टँकर कधी येणार ते बघून साहेबांकडे रजा मागणं आता मला जमायचं नाही.

भिंगार मागे टाकून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की जी गावं येतात, त्यातल्या एका गावच्या हायस्कुलात सर विज्ञान शिकवत. त्यांच्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात एक ओळ कायम असे: ‘मानू नका, तपासा.’ ती पुसायची कोणाला परवानगी नव्हती. सरांना एका जागी बसवत नसे. ते उभ्याने चहा पीत, येरझाऱ्या घालत फोनवर बोलत आणि जेवतानाही खिशातला खडू काढून बोटांत फिरवत.

“आप्पा, माझ्या वर्गातल्या पोरांसमोर कानिफनाथची परीक्षा घेऊ,” एके दिवशी ते ताटावरून उठत म्हणाले. “नारळ खरा ठरला तर तो सांगेल तिथं बोअर. खोटा ठरला तर ओढ्यापाशी. मान्य?”

“मान्य. पन मागून फिरायचं न्हाई.”

“विज्ञान फिरत नाही, आप्पा.”

“तू आधी एका जागी बसून जेव,” ज्योती म्हणाली.

शनिवारची शाळा सुटल्यावर नववीचा वर्ग सरांच्या वस्तीवर आला. त्यात संस्कृती होती. संस्कृतीला शंका फार. ती हात वर करी तेव्हा सर मनातल्या मनात सुखावत आणि बाकीचे शिक्षक घड्याळाकडे बघत.

कानिफनाथने शेंडीचा नारळ तळहातावर आडवा ठेवला आणि तो अनवाणी चालू लागला. सखल पट्टीत नारळ गप्प पडून होता. वरच्या अंगाला, मुरमाड माळाच्या बांधावर पाय पडताच तो टुणकन उभा राहिला.

“हितं हाय पानी,” कानिफनाथ म्हणाला.

“इथं खडक आहे,” सर म्हणाले. “बघा रे मुलांनो. गोल वस्तू आडवी असते तेव्हा तिचा तोल नाजूक असतो. हात जरा तिरका झाला की ती उभी राहते. यांना वाटतं नारळ उठला, पण उठतो तो हात. आता मी हात सपाट ठेवून त्याच वाटेनं चालतो. नारळ उभा राहणार नाही.”

सर नारळ घेऊन निघाले. हात इतका सपाट की त्यावर पाण्याचा पेला ठेवावा. ते बांधावर चढले आणि नारळ कानिफनाथच्या हातावर राहिला होता त्याहून ताठ उभा राहिला.

सरांनी नारळाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. कानिफनाथ मात्र लगबगीने पुढे आला आणि हळूच विचारता झाला, “सर, तुमी पायाळू हाय का?”

“काय?”

“म्हंजी जनमताना पाय आदी आलं का डोकं? पायाळू मानसाला भुईतलं पानी कळतं.”

“असलं काही नसतं!”

“हाय की!” बांधाखालून सरांची आई, रंगुबाई, ओरडली. “पायाळूच हाय त्यो! भिंगारच्या दवाखान्यात डाक्तरीनबाईला घाम फोडला हुता यानं.”

छत्तीस वर्षांत ही माहिती सरांना कोणी दिली नव्हती. ती नेमकी आख्ख्या नववीसमोर मिळाली.

“सर,” संस्कृतीचा हात वर होता. “तुम्हाला ती जागा माहीत होती. डोळे बांधून करायला पाहिजे.”

“बरोबर!” सरांचा जीव भांड्यात पडला. “शाब्बास! डोळे बांधा.”

डोळ्यांना रुमाल बांधून, दोनदा गोल फिरवून त्यांना रानात सोडलं. सर ठेचकाळत इकडे गेले, तिकडे गेले आणि शेवटी बांधाला लागले. नारळ उभा. पोरांनी शिट्ट्या मारल्या. श्रीमंतआप्पांनी टोपी काढून परत घातली. आनंद झाला की ते एवढंच करत.

रविवारी सकाळपर्यंत ही बातमी वेशीपासून पार भिंगारच्या बाजारापर्यंत गेली. सर स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते. त्यांनी तळहातावर लिंबू ठेवून पाहिलं, मोबाईल ठेवून पाहिला, मग लाटणं उचललं.

“ते खाली ठेवा,” ज्योती म्हणाली. “उभं राहिलं तर आजच्या पोळ्या तुम्ही करायच्या.”

“मी हात हलवला नव्हता गं. शपथेवर सांगतो.”

“मग राहिला असेल उभा आपला आपण.”

“तसं होत नाही!”

“मग हलवला असेल.”

सर चरफडत अंगणात आले, तर तिथे संस्कृती उभी. ती धावत आली होती.

“सर, मला कळलं! डोळे बांधले तरी पायाला बांध लागतो. चढ आला की अंग मागं जातं, अंग मागं गेलं की हात पुढून उचलतो. तुम्हाला कळत पण नाही. सर, पाय काढून टाकायला पाहिजेत.”

“कोणाचे?” रंगुबाईने दचकून विचारलं.

“म्हंजी सरांनी चालायचं न्हाई, आजी. सरांना न्यायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सरांनीच शिकवलंय.”

असं ठरलं की सरांनी डोळे बांधून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्चीवर बसायचं, हातावर नारळ घ्यायचा आणि ट्रॉली रानातून फिरवायची. संस्कृतीने आणखी एक नियम घातला. नारळ उभा राहील तिथे चुन्याने फुली मारायची आणि आडवा राहील तिथे गोल काढायचा. “नुसत्या उभ्या राहिल्याच्या खुणा करून चालत नाही. पडून राहिला तिथल्या पण पाहिजेत. नाहीतर तुलना कशाशी करायची?” सरांना इतका अभिमान वाटला की ते क्षणभर एका जागी उभे राहिले.

पहिली खूण फाटकातच झाली. ट्रॉली जागेवर उभी होती, सर खुर्चीत, नारळ आडवा. संस्कृतीने फाटकाच्या मधोमध सुबक गोल काढला. मग ट्रॅक्टर सुरू झाला.

पहिल्या सऱ्यांवर ट्रॉली उडाली आणि नारळ उभा राहिला. फुली. पुढे चाकोरीत उभा. फुली. दगडावर चाक चढलं, उभा. कानिफनाथ चुन्याचं घमेलं घेऊन आधी उत्साहाने पळत होता. पुढे पुढे त्याचा चेहरा उतरू लागला.

“अवो, एवढं पानी असतं तर म्या कशाला गावोगाव हिंडलो असतो?” तो धापा टाकत म्हणाला.

“हे खड्डे आहेत!” रुमालाआडून सर ओरडले. “ट्रॉली खड्ड्यात गेली की नारळ उठतो. नोंद घ्या!”

“घेतली, सर!” कोणीतरी म्हणालं. “खड्ड्याखाली बी पानी हाय!”

शेजारच्या बनुबाईने ट्रॉलीपुढे येऊन ट्रॅक्टर थांबवला. “सर, एवढं आमच्या दारावरनं न्या. खड्डा लई मोठा हाय आमच्या हितं.”

ट्रॉली बनुबाईच्या दारावरून गेली, तिथून सोसायटीच्या गोडाऊनवरून, तिथून देवळामागून. गावातले रस्ते जसे होते तसे होते, त्यामुळे नारळ क्वचितच खाली बसला. सरांना रुमाल सोडल्यावर गावभर पांढऱ्या फुल्या दिसल्या आणि ते आनंदाने खुर्चीवरून उठले.

“झालं सिद्ध! धक्का बसला की नारळ उभा राहतो. पाण्याचा काही संबंध नाही. आप्पा, तुमच्या डोळ्यांनी बघितलं ना?”

आप्पांनी फुल्यांनी भरलेलं आपलं रान पाहिलं. माणूस शब्दाचा पक्का होता. त्यांनी टोपी नीट केली आणि सुस्कारा सोडला. “बरं बाबा. वड्यापाशी घिऊ. गाडी परवा येनार हाय.”

त्या दिवशी सर मांडी घालून, ताट पूर्ण होईपर्यंत जेवले.

बोअरची गाडी मात्र सोमवारीच आली. शेजारच्या गावातलं काम रद्द झालं होतं आणि मशीन रिकामं ठेवणं मालकाला परवडत नव्हतं. सर शाळेत होते, ज्योती कामावर होती आणि आप्पा बोअरचे पाइप आणायला नगरला गेले होते. घरी एकटी रंगुबाई. ऑपरेटर परमुलखातला, घाईत असलेला आणि कमी बोलणारा होता. त्याने हातानेच विचारलं, कुठे?

“खुना केल्यात बघ पोरांनी. चुन्याच्या,” रंगुबाई म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

ऑपरेटरने खुणा पाहिल्या. आयुष्यभर भोकं पाडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्यात शंकेला जागा नव्हती. फुली म्हणजे इथे नको. गोल म्हणजे भोक. आणि गोल तर गाडी उभी होती तिथेच, फाटकाच्या मधोमध, अगदी बोअरच्या मापाचा काढलेला.

नववीच्या वर्गात सर तेव्हा फळ्यावर ‘निरीक्षण’ लिहीत होते. फोन वाजला.

“आरं, पानी लागलं!” रंगुबाईचा आवाज मशीनच्या घरघरीतून येत होता. “लई लागलं! माजी चूल इजली!”

“चूल? ओढ्यापासून चुलीपर्यंत पाणी आलं?”

“कशाचा वडा? फाटकात!”

सर तसेच धावत सुटले आणि त्यांच्यामागे सगळा वर्ग. फाटकातून पाण्याचा फवारा उसळत होता, अंगणात राखाडी चिखल झाला होता आणि निम्मं गाव त्यात उभं राहून भिजत होतं. आप्पा पाइप भरलेल्या टेम्पोत रस्त्यावरच अडकले होते. स्वतःच्या घरात शिरायला त्यांना आता वाट उरली नव्हती. तरी ते टोपी काढत होते, घालत होते, पुन्हा काढत होते.

सरांनी जागा पाहिली. गोल पाहिला, म्हणजे त्याचा उरलेला चुना पाहिला. आणि ते चिखलात अक्षरशः नाचले.

“बघा! इथं नारळ आडवा होता! आडवा! जिथं नारळ गप्प होता तिथं पाणी लागलं. नारळ साफ खोटा! मीही चुकलो, ओढाही चुकला, मला मान्य आहे. पण नारळाचा प्रश्न आज कायमचा मिटला!”

गाव विचारात पडलं. कानिफनाथ खाली मान घालून उभा होता. त्याच्या पोटापाण्याचा धंदा डोळ्यांदेखत वाहून चालला होता. सरांना क्षणभर त्याची दया आली. मग त्याने हळूहळू मान वर केली आणि त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

“सर,” तो म्हणाला, “तुमचा हात उलटा हाय.”

“म्हणजे?”

“आमचा नारळ पान्यावर उठतो. तुमचा पान्यावर झोपतो. आसत्यात आसं हात. आमचा आजा सांगायचा.”

“व्हय की!” गर्दीतून आवाज आला. “पायाळूच न्हवं का त्यो. उलटाच आल्ता.”

“अहो, एकदा पाणी लागलं म्हणून काही सिद्ध होत नाही!” सर ओरडले. “पुन्हा पुन्हा करून बघावं लागतं!”

“तेच म्हनतो आमी,” बनुबाई म्हणाली. “उद्या आमच्या रानात करा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जायला निघालेले सर पुढच्या फाटकातून जाता येत नव्हतं म्हणून गोठ्यामागून बाहेर पडले, तर तिथेही माणसं होती. प्रत्येकाच्या हातात नारळ. रांग लावायचं काम कानिफनाथ करत होता. संस्कृती दप्तर घेऊन एका बाजूला उभी होती.

“एकदाच,” सर म्हणाले. “नारळात काही नाही हे दाखवायला. एकदाच.”

बनुबाईचं रान म्हणजे सपाट माळ. कुदळ मारली की ठिणगी उडावी असा. ना बांध, ना चढ, ना खड्डा. सर हात सपाट धरून चालले. नारळ आडवा. दहा पावलं गेले, आडवा. कडेपर्यंत जाऊन परत आले. नारळाने कूससुद्धा बदलली नाही.

“सगळीकडं झोपलाय!” बनुबाईने पदराने डोळे पुसले. “पुऱ्या रानात पानी!” आणि तिने कमरेचा मोबाईल काढला. “कानिफ, गाडीवाल्याचा नंबर सांग. आजच घेते, हितंच, सर उभं हायत तिथंच.”

सरांनी पायाखाली पाहिलं. काळा, अखंड खडक. त्यांना तिथून निघणारी धूळ दिसली, निव्वळ धूळ, आणि धुळीत उभी असलेली बनुबाई दिसली. समजावून सांगायला त्यांनी तोंड उघडलं. पण समजावून सांगून काय होतं, हे त्यांना शनिवारपासून तीनदा दिसलं होतं.

मग गेली बारा वर्षं फळ्याच्या कोपऱ्यात तीच ओळ लिहिणाऱ्या त्या माणसाने चारी बाजूंना पाहिलं, श्वास रोखला आणि बोटांची टोकं हळूच, अगदी हळूच वर उचलली.

नारळ उभा राहिला.

“उठला!” कानिफनाथ ओरडला. “मावशे, फोन ठिव. सरांचा उठला म्हंजी पानी न्हाई.”

बनुबाईने हिरमुसून मोबाईल कमरेला खोचला. सरांनी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात मागून, वर्गात येई तसाच स्वच्छ, खणखणीत आवाज आला.

“सर, तुम्ही हात हलवला. मी बघितलं!”

सगळं रान वळून पाहू लागलं. सरांचे कान लाल झाले. उत्तर कानिफनाथनेच दिलं, आणि तेही अगदी मायेने, न कळणाऱ्या लेकराला समजावून सांगावं तसं.

“हलनारच की, पोरी. खाली पानी नसलं की पायाळू मानसाचा हात आपोआप हलतो.”

संस्कृतीने सरांकडे पाहिलं. सरांनी नारळाकडे पाहिलं. नारळ अजून उभाच होता.