झिंगुजीची मिस्टेक

अमरावतीच्या कापूसपेठेत कोणाचीही गाडी उलटली, की झिंगुजी पारखी धावत जायचा, भरल्या बाजारात डोक्यावरचं पागोटं काढायचा, स्वतःच्या छातीवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "मिस्टेक." गाडी त्याची नसायची, बैलही त्याचे नसायचे. तरी भांडायला सरसावलेले गाडीवान हसून बाजूला व्हायचे. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड व्हायचा.

कारण पारखी मीही होतो, आणि खरं सांगतो, त्याच्याहून चांगला. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडच्या कापसाची भूक लागली आणि पेठेत गाड्यांची रीघ लागली. चिमटीत तंतू ओढून कापूस कोणत्या गावचा ते मी सांगत असे. पण विचारतो कोण? सगळ्यांना झिंगुजीच हवा.

हा शब्द त्याला वखारीच्या गोऱ्या साहेबाकडून मिळाला. नवा असताना साहेब एकदा बुटांसकट मारुतीच्या पारावर चढला. लोक चवताळले. साहेबानं टोपी काढली, छातीवर हात ठेवला, "मिस्टेक" म्हणाला आणि खाली उतरला. झालं, लोक पांगले. झिंगुजीनं तो शब्द उचलला आणि वर त्याचा अर्थही स्वतःच लावला.

"चूक म्हनलं का लोक इचारतात, कोनाची? मंग बोटं दाखवनं सुरू," तो सांगायचा. "मिस्टेक आपलीच रायते. दुसऱ्याची मिस्टेक नसतेच बाप्पा."

एका लग्नात वांग्याची भाजी खारट झाली. वरमाय तोंड उघडणार, तेवढ्यात हा पंगतीतून उठला, "मिस्टेक" म्हणाला आणि तीच भाजी पुन्हा वाढून घेतली. नवरीच्या आईनं त्याला हात जोडले. मग मीही एकदा करून पाहिलं. माझा धक्का लागून एका तेलवाल्याचा बुधला सांडला. त्याच्याकडे बोट करून मी ठसक्यात म्हणालो, "मिस्टेक." त्यानं मला पेठभर पळवलं.

"बोट कोनाकडं होतं?" झिंगुजीनं विचारलं.

"त्याच्याकडं."

"मंग कसं चालन गड्या?"

सारी पेठ खदखदून हसली. मी तीन दिवस त्याचं तोंड पाहिलं नाही.

पुढे वखारीत मुकादम नेमायचं ठरलं. साहेब आम्हा दोघांतून एकाला निवडणार होता. त्या जागेसाठी माझा जीव तुटत होता. एका सकाळी मी कापसाचे बांधलेले बोझे तपासत होतो. रीत अशी, की हात कोपरापर्यंत आत घालायचा, म्हणजे कापसाच्या पोटातली ओल कळते. पण समोर साहेब झिंगुजीच्या खांद्यावर हात टाकून हसत होता. माझं सगळं लक्ष तिकडे. हात मनगटापर्यंतच गेला आणि मी म्हणालो, "चांगला हाय, घ्या."

चार दिवसांनी त्या बोझ्यातून वाफा निघायला लागल्या. कापूस दवात वेचलेला होता. आतून तापला आणि शेजारचा मालही पिवळा करून बसला. कोणी पारखला म्हणून साहेब ओरडला. मी खाली वाकून बोझ्याची दोरी आवळू लागलो. झिंगुजीनं शांतपणे पागोटं काढलं.

मुकादमी मला मिळाली.

त्याच संध्याकाळी मी तणतणत त्याच्या घरी गेलो. तो एकटाच चुलीपुढे बसून भाकर थापत होता.

"काहून केलं तू असं? माह्यावर उपकार करून राहिला काय?"

"उपकार कायचे?" त्यानं भाकर उलटली. "अकोटले माहा लहाना भाऊ होता. त्यानंबी असाच दवातला कापूस घरात रचला. सारा ढीग सडला. मी चार लोकांत म्हनलं, चूक याची हाय. गेला तो निघून. लय वर्सं झाली. तवा मले हा शब्द माईत नोता."

"अन् गाड्यांकडं पळतं ते?"

"अकोटकडली असली तं पाहून घेतो. एखाद्या वक्ती भाऊ त्याच्यात असला तं."

इतकी वर्षं मी झिंगुजीवर जळलो. त्या संध्याकाळी मला त्या न पाहिलेल्या भावाचा हेवा वाटला. माझी अशी वाट पाहणारं एकही माणूस मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी मी मुकादमाच्या जागेवर बसलो. अकोटहून येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला आधी त्या भावाची खबर विचारायची, एवढं मला जमलं. साहेबाला खरं सांगणं मात्र तो विलायतेला परत गेला तरी जमलं नाही.