तक्ता क्रमांक तीनचा स्रोत

बाकीच्यांचं मला माहीत नाही, पण मी कधी उचलेगिरी करत नाही! महाडच्या कॉलेजात अकरा वर्षं भूगोल शिकवतोय. दुसऱ्याचा तक्ता किंवा आकृती घेतली, की खाली ‘स्रोत’ लिहायचा, हे मी पोरांच्या डोक्यात इतकं बसवलंय की एकाने केकच्या फोटोखालीसुद्धा स्रोत लिहिला होता.

माझ्या पीएच.डी.ची मुदत दोनदा वाढवून झाली होती. शनिवारपर्यंत शोधनिबंध स्वीकारल्याचं पत्र विद्यापीठात पोचलं नाही, तर नोंदणी रद्द आणि सहा वर्षं पाण्यात! निबंध होता पोलादपूरच्या वरच्या कुडपण गावातल्या झऱ्यावर. सोमवारी सकाळीच नियतकालिकाच्या संपादक शर्मिला मॅडमचा फोन आला. तक्ता क्रमांक तीनखाली तुम्ही ‘स्रोत: संशोधकाचे सर्वेक्षण’ असं लिहिलंय. तक्ता चौदा वर्षांचा आहे, संशोधन सहा वर्षांचं. आधीची आठ वर्षं झरा कोणी मोजला?

घाईघाईत मी एकच ओळ सगळ्या तक्त्यांखाली चिकटवली होती. तो तक्ता कुडपणच्या गोमाजींच्या वहीतला. गोमाजी रोज सकाळी झऱ्याखाली हंडा लावायचे आणि तो भरायला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवायचे. मॅडम म्हणाल्या, गोमाजींची लेखी परवानगी आणि वहीच्या पानांचे फोटो गुरुवारपर्यंत पाठवा.

हात्तिच्या, एका सहीचं तर काम! मोटरसायकल काढली, पोलादपूर मागे टाकलं, घाट चढलो. गोमाजींनी चहा दिला, वही दिली, फोटोही काढू दिले. कागद पुढे केला तसे मात्र हात मागे घेतले.

“सही नाय करनार, सर. गावाचा ठराव हाय. मुंबई मंडळाला इचारल्याबिगर कोनी कागदावर सही करायची नाय.”

बाहेरचे लोक कागद घेऊन येतात आणि डोंगर घेऊन जातात, म्हणून हा ठराव. मला झरा विकत नकोय, असं मी शपथेवर सांगितलं. चहाचा दुसरा कप आला, सही काही आली नाही. मंडळ म्हणजे नोकरीसाठी मुंबईत गेलेल्या गावकऱ्यांचं, आणि त्याचे अध्यक्ष कुशाबाही तिथेच. त्यांना फोन लावला तर म्हणाले, रविवारी मीटिंग आहे, त्यात विषय घेतो. रविवारी! अंगणात येरझाऱ्या घालून मी गोमाजींच्या कोंबड्या हैराण केल्या. शेवटी हातापाया पडून बुधवारी फोनवरच सभा ठरवून घेतली.

बुधवारी पुन्हा कुडपण. फोनमधून सतरा माणसं एकदम बोलत होती. एकाला जाणून घ्यायचं होतं, तक्त्यात गावाचं नाव आहे का. दुसरा विचारत होता, हंडा कोणाचा. मग निघालं की गोमाजी आजारी पडले की राहीबाई मोजायच्या, कधी रंगूबाई, आणि लावणीच्या दिवसांत तर जो मोकळा असेल तो. कुशाबांनी निकाल दिला.

“परवानगी हाय. पन नावं समद्यांची पायजेत. येक जरी सुटला, तर गनपतीत भांडनं व्हतील.”

तक्ता अर्धं पान आणि स्रोत दीड पान! एक्केचाळीस नावं, वर अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार. लग्नपत्रिका परवडली. गोमाजींनी एकेक नाव मला मोठ्याने वाचायला लावलं आणि मगच सही केली. गुरुवारी सगळं मॅडमना पाठवलं आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवलो.

शुक्रवारी मॅडमचा फोन आला. इतका प्रामाणिक स्रोत त्यांनी आजवर पाहिला नव्हता म्हणे. निबंध स्वीकारला! मी खुर्चीतून उठलोच.

“एकच विचारायचं होतं, राजेंद्र सर. वहीच्या फोटोंत शेवटचा रकाना शेऱ्याचा आहे. त्यात लिहिलंय, वरचा माळ खणला तेव्हापासून हंडा उशिरा भरतो. तुमचा निष्कर्ष हाच ना?”

हाच होता. मी त्याला फक्त आठ पानं लावली होती.

“मग तक्ता त्यांचा आणि निष्कर्षही त्यांचाच. लेखक म्हणून गोमाजी आणि ग्रामस्थ यांची नावं देते. तुमचं आभारात घेऊ.”

पत्र वेळेत आलं, पण गोमाजींच्या नावाने! माझी नोंदणी शनिवारी रद्द झाली. मंडळाने गोमाजींचा सत्कार ठेवलाय, मुंबईहून दोन गाड्या भरून माणसं येणार आहेत. कुशाबांनी मला आग्रहाचा फोन केला. निबंध कोणाला धड कळत नाही म्हणाले, गावाला समजावून सांगायला कोणीतरी शिकलेलं माणूस पाहिजे. मी हो म्हणून टाकलंय. सहा वर्षं तयारी केलेला माणूस त्यांना दुसरा कुठे मिळणार?